रानपक्ष्याला मलेरिया आहे हे कळतं कसं?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: रानातल्या पक्ष्याच्या रक्तात परजीवी आहेत हे कसं शोधतात, त्यासाठी पक्षी मारावा लागतो का, आणि त्याचा मलेरिया आपल्याला होतो का.

शेवटचं आधी सांगते. होत नाही. मलेरियाच्या परजीवींचा वंश एकच, प्लास्मोडियम, पण प्रजाती वेगळ्या. पक्ष्यांचा मलेरिया मुख्यतः क्युलेक्स डास पसरवतात, गटारावर पोसलेले, रात्री कानाशी गुणगुणणारे. आणि मलेरिया डासातून कसा पसरतो, हे कोडं पक्ष्यांवरच सुटलं. १८९८ साली कलकत्त्यात रोनाल्ड रॉस या ब्रिटिश डॉक्टरला मलेरियाचे परजीवी डासाच्या लाळग्रंथीत सापडले, ते पक्ष्यांच्या मलेरियाचे. १९०२ चं नोबेल त्याला याच कामासाठी मिळालं.

पक्षी मारावा लागत नाही. मी दोन हंगाम अशा एका प्रकल्पावर मदतनीस होते. वनखात्याची परवानगी हातात असल्याशिवाय जाळं उघडायचंसुद्धा नाही. पहाटे मिस्ट नेट, म्हणजे पक्ष्याला न दिसणारं बारीक धाग्याचं जाळं, लावायचं, दर वीसेक मिनिटांनी फेरी मारायची, सापडलेला पक्षी कापडी पिशवीत. बुलबुल असेल तर बोट चावून घ्यायची तयारी ठेवा. पंख उलगडून कोपरापाशी ओला कापूस फिरवला की पिसं बाजूला होतात आणि निळसर शीर दिसते. बारीक सुईचं टोक लावायचं, वर येणारा थेंब काचेच्या केशनळीत आपोआप चढतो. वजनाच्या एक टक्क्यापेक्षा जास्त रक्त घ्यायचं नाही. तीसेक ग्रॅमच्या बुलबुलाचे दोन थेंब पुरतात. कापूस दाबून धरला, रक्त थांबलं की सोडून द्यायचा.

खरी परीक्षा स्लाइडची. थेंब काचेवर पातळ पसरून लगेच वाळवावा लागतो. पावसाळी हवेत तो वाळतच नाही आणि पेशी आक्रसतात. माझ्या पहिल्या आठवड्यातल्या अर्ध्या स्लाइड माश्यांनी चाटून साफ केल्या, अक्षरशः! नंतर उरलेल्या स्लाइड फॉर्मॅलिनच्या बाटलीशेजारी ठेवल्या, तर वाफेने गिम्साचा, म्हणजे परजीवी दिसावेत म्हणून द्यायचा, रंगच नीट चढला नाही. सगळं निळंशार. (ही चूक मला कोणी आधी सांगितली नव्हती, म्हणून तुम्हाला सांगतेय.)

मग तेल घालून हजारपट मोठं करून बघत बसायचं, एका स्लाइडवर निदान दहा हजार पेशी. पक्ष्यांच्या तांबड्या पेशी लांबट असतात आणि त्यांना केंद्रक असतं. प्लास्मोडियमचे दोन भाऊबंदही रक्तात सापडतात, हिमोप्रोटियस आणि ल्युकोसायटोझून. हिमोप्रोटियस त्या केंद्रकाला केळ्यासारखा कवटाळून बसतो, अंगात सोनेरी-तपकिरी कण. ल्युकोसायटोझूनमध्ये ते कण नसतात आणि तो पेशीचा आकारच बिघडवतो. एका पेशीत परजीवीचे तुकडे पडताना दिसले, की प्लास्मोडियम. नवशिक्याला मात्र रंगाचा प्रत्येक गाळ परजीवी वाटतो.

आता पीसीआरने परजीवीचं सायटोक्रोम बी जनुक वाचतात आणि मॅलअ‍ॅव्ही या पक्ष्यांच्या परजीवींच्या जनुकांच्या खुल्या संग्रहाशी ताडून बघतात. स्लाइडवर निसटलेला संसर्ग त्यात सापडतो. पण डीएनए सापडला म्हणजे परजीवी त्या पक्ष्यात पूर्ण वाढतोच असं नाही. म्हणून सूक्ष्मदर्शक अजून सुटलेला नाही.

आकडे वाचताना एक लक्षात ठेवा. जाळ्यात येतो तो उडणारा पक्षी. आजाराने झुडपात बसून राहिलेला येत नाही, मेलेला तर नाहीच. त्यामुळे 'इतक्या बुलबुलांत परजीवी सापडले, पण सगळे ठणठणीत' असं वाचलं की मी जरा थबकते. हवाई बेटांवरच्या लालभडक इइवी पक्ष्यांना प्रयोगात बाधित डासाचा एकच चावा दिला, तर दहातले नऊ मेले. तिथे डास माणसानेच नेले, १८२६ च्या सुमारास, जहाजांतून.

स्वतः बघायचं असेल तर जवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात कबुतराची तयार स्लाइड मागा. कबुतरांत हिमोप्रोटियस सर्रास असतो. तो डासाने नाही, पिसांत सरपटणाऱ्या एका चपट्या माशीने पसरतो. ती चिमटीत धरून बघा, चिरडता चिरडत नाही.