नाशिकमधल्या जुन्या, पिढीजात लोखंडाच्या दुकानांचा इतिहास काय? तिथे राबणाऱ्या माणसांचं पुढे काय झालं?

मी मालकांच्या घरातला नाही, तेव्हा फ्रेम करून लावलेला इतिहास माझ्याकडे नाही. माझे वडील भांडी बाजाराजवळच्या अशाच एका दुकानात दिवाणजी होते आणि शाळा सुटली की मी तिथेच असायचो. दुकानाचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

पाटीवर कोणतं साल आहे ते सोडा, काय विकलं जायचं ते बघा. सुरुवातीची गिऱ्हाइकं दोनच, शेतकरी आणि वाड्यांची कामं करणारे सुतार. नांगराचे फाळ, कोळप्याच्या पासा, पहारी, टिकाव एका बाजूला; बिजागऱ्या, कडी-कोयंडे, चुका (बारीक खिळे) दुसऱ्या बाजूला. बुधवारी गोदाकाठी आठवडे बाजार भरतो, त्या दिवशी दुकानात पाय ठेवायला जागा नसायची. शनिवारी मात्र शुकशुकाट, कारण शनिवारी लोखंड घरात आणायचं नाही हे आपल्याकडे अजून पाळतात. म्हणून शनिवार माल लावायचा आणि वसुलीला फिरायचा. 1962च्या सुमारास सातपूरची औद्योगिक वसाहत आली, 1964 मध्ये ओझरचा विमान कारखाना. कामगारांच्या घरांना पत्रे, नळ, गेट लागायला लागली. पुढे निफाड-दिंडोरीकडे द्राक्षबागा वाढल्या तशी मांडवाची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली) तार आणि अँगल यांनी अर्धं गोडाऊन व्यापलं. ‘तारेनंच तारलं’ असं वडील म्हणायचे.

व्यापाराची खरी गंमत मात्र पोलादावर सरकारी नियंत्रण होतं त्या काळात होती. 1956 पासून सरकारने पोलादाचं रेल्वेभाडं देशभर समान केलं होतं, म्हणजे पोलादाचा भाव कारखान्याच्या दारात आणि नाशिकला कागदावर जवळपास सारखाच. माल मात्र मागाल तेव्हा मिळायचा नाही. त्यामुळे दुकानदाराची हुशारी विकण्यात नव्हती, माल मिळवण्यात होती: कोणाशी ओळख आहे, नाशिकरोडच्या मालधक्क्यावर वॅगन कधी लागणार याची खबर कोणाला आधी लागते. जानेवारी 1992 मध्ये नियंत्रण उठलं. जालन्याच्या रोलिंग मिलच्या सळया ट्रकने थेट दारात यायला लागल्या, भाव रोज बदलायला लागला आणि ती जुनी हुशारी एका वर्षात निकामी झाली. ज्या शेठजींना हे लवकर उमगलं त्यांची दुकानं राहिली. बाकीच्यांच्या जागी आता मोबाइलची दुकानं आहेत.

आता माणसांबद्दल, कारण प्रश्नाचा खरा भाग तो आहे. दिवाणजी म्हणजे नुसता हिशेबनीस नव्हे. सळईचं वजन काढायला मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग करून 162 ने भागायचं, म्हणजे एक मीटरचं वजन किलोत येतं. बारा एमएमची सळई मीटरला 0.89 किलो, बारा मीटरची अख्खी साडेदहा किलोच्या थोडी वर. गवंडी ‘चार सुती द्या’ म्हणायचा (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), बिल एमएममध्ये व्हायचं आणि वडील दोन्ही हिशेब तोंडी करायचे. पत्र्याचा गेज, म्हणजे जाडीचा नंबर, तर भल्याभल्यांना चकवतो: 24 नंबरचा पत्रा 26 पेक्षा जाड. आमच्याकडचे एक मामा टिचकी मारून आवाजावरून नंबर सांगायचे, गेजपट्टी फक्त गिऱ्हाइकाची खात्री पटवायला. खिळ्यांची पुडी बांधायलाही मामाच लागत. रद्दीचा दुहेरी कागद, टोकं सगळी एका बाजूला, वर सुतळीचे दोन वेढे. नवखा पोरगा बांधायचा तेव्हा पुडी रस्त्यातच फाटायची.

हमालांचं आयुष्य सर्वात खडतर. मालधक्क्यापासून गावात आठ-नऊ किलोमीटर, हातगाडीवर लांब सळया, मागे लाल फडकं बांधलेलं. हमालांच्या नोंदणीचा आणि संरक्षणाचा माथाडी कायदा 1969 चा. पण पेठेतल्या छोट्या दुकानांत हमाल ‘घरचा माणूस’ म्हणवला जायचा आणि घरच्या माणसाची कुठे नोंद करतात? ग्रॅच्युइटीचा कायदा 1972 चा, दुकानात दहा माणसं असली की लागू व्हायचा. आमच्या हजेरीपत्रकावर दहावं नाव कधी चढलंच नाही. प्रत्यक्षात किती जण होते ते दिवाळीला फराळाचे डबे मोजले की कळायचं. शेठजी वाईट नव्हते: लग्नाला उचल द्यायचे, दवाखान्याचं बिल भरायचे. पण उचल फेडायला वर्षं जायची आणि तोवर माणूस दुसरीकडे जाऊ शकायचा नाही. माझ्या मते त्या आपुलकीत जिव्हाळा होता तसा हिशेबही होता.

19 सप्टेंबर 2008 चा पूर मला चांगला आठवतो. सरस्वती नाल्याकडून पाणी बाजारात शिरलं, तेव्हा सगळ्यात आधी माळ्यावर गेल्या त्या खतावण्या, कारण उधारी बुडाली की बुडाली. खिळ्यांची पोती पाण्यात राहिली. मग कितीतरी दिवस सगळे जण ओट्यावर बसून खिळे रॉकेलमध्ये बुडवत, फडक्याने पुसत, ताडपत्रीवर पसरत होते. जे फार गंजले ते भंगाराच्या भावाने गेले. पगार मात्र कोणाचा कापला नाही, हे शेठजींचं मान्य करायला हवं.

पुढे काय झालं? टिचकीवाल्या मामांच्या मुलाने पाथर्डी फाट्याकडे स्वतःचं हार्डवेअर टाकलं आणि जुन्या शेठजींपेक्षा मोठा धंदा करतो. हमालांची बहुतेक मुलं सातपूर-अंबडच्या कंपन्यांत लागली, काही कंत्राटावर. शेठजींची चौथी पिढी पुण्याला सॉफ्टवेअरमध्ये आहे. दुकान चालू आहे, पण जास्त खप आता कुलपं, नळ आणि रंगाचा. फाळ कोपऱ्यात दोन-तीन पडलेले असतात. वडील गेल्यावर त्यांची वजनांची वही शेठजींनी मला दिली.

तुम्हाला अशी दुकानं बघायची असतील तर रविवार कारंजा ते भांडी बाजार एकदा पायी फिरा. बुधवारी जा आणि खरेदी असेल तर सकाळीच उरका. दुपारी माणसांना बोलायला वेळ असतो, त्या वेळी चहा सांगून गल्ल्यावरच्या माणसाला नको, आत माल काढणाऱ्याला विचारा.