महू इंदूर जिल्ह्यात, मग खासदार धारचा का?

कारण लोकसभेची हद्द जिल्ह्यावर नाही, अख्ख्या विधानसभा क्षेत्रांवर आखतात. इंदूर जिल्ह्यात ९ विधानसभा जागा आहेत. त्यांतल्या ८ इंदूर लोकसभेत आणि एकटं महू धारमध्ये. सोबत धार, बदनावर, सरदारपूर, गंधवानी, कुक्षी, मनावर, धरमपुरी. म्हणजे उत्तरेला माळव्याचं पठार, मग विंध्याचा उतार, खाली नर्मदाकाठचा निमाड. एवढा पसारा एका खासदाराला फिरायचा, हे खरंच अवघड आहे.

पिनकोड किंवा तहसील पाहून ठरवू नका, तिथेच गफलत होते. मतदार ओळखपत्रावर विधानसभा क्षेत्र २०९ (म्हणजे महू) असेल तर मत धारला. मतदार यादीतल्या नावाची दुरुस्ती मात्र महूतच होते. आणि धारची लोकसभा जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव असली, तरी महूची विधानसभा जागा खुलीच आहे.