इन्सुलिनचा आकडा बिघडतो कुठे?

प्रश्न : उपाशीपोटी इन्सुलिन एका लॅबमध्ये २.१ आलं, आठवड्याभरात दुसरीकडे ११.४. रक्त विट्यातल्या कलेक्शन सेंटरवर दिलं होतं, तपासणी सांगलीत झाली. पहिल्या रिपोर्टवर 'हेमोलाइज्ड' असा शेरा आहे. केसांसाठी १० मिलिग्रॅम बायोटिन (एक बी-व्हिटॅमिन) रोज घेते. खरा आकडा कोणता?
— एक वाचक, विटा

उत्तर : पहिला आकडा धरूच नका. शेऱ्याचा अर्थ, लाल पेशी फुटल्या. त्यांच्यात इन्सुलिन तोडणारं एन्झाइम असतं. पेशी फुटल्या की ते ट्यूबमध्येच कामाला लागतं, आणि नमुना बर्फाविना प्रवासाला गेला तर जास्तच वेगानं. बहुतेकदा चूक रक्त काढतानाच होते. सुई फार बारीक, दांडा जोरात ओढलेला, सिरिंजमधलं रक्त सुईतूनच ट्यूबमध्ये दाबून भरलेलं, किंवा ट्यूब खळाखळा हलवलेली. रक्त गोठल्यावर सुटणारा पाणीदार भाग, म्हणजे सीरम, सेंटरवरच वेगळं काढून थंड डब्यातून पाठवायला हवं. सीरम गुलाबी दिसलं तर रक्त पुन्हा घ्यावं. शेरा मारून आकडा छापणं रुग्णावर अन्याय आहे.

दुसऱ्या आकड्यावरही लगेच विसंबू नका. अनेक मशिनांत इन्सुलिनला धरणाऱ्या अँटीबॉडीला बायोटिन जोडलेलं असतं आणि ते स्ट्रेप्टाव्हिडिन या बायोटिनला घट्ट धरणाऱ्या प्रोटीनच्या कणांवर चिकटतं. रक्तातलं मोकळं बायोटिन एसटीत रुमाल टाकावा तशा त्या जागा आधीच अडवतं. पकडलेलं इन्सुलिन धुऊन जातं, आकडा खोटाच कमी येतो. दिवसाची गरज सुमारे ३० मायक्रोग्रॅम. तुमची गोळी तिच्या तीनशेपटीहून जास्त. डॉक्टरांना सांगून तीन दिवस गोळी बंद ठेवा, मग पुन्हा तपासा. सोबत सी-पेप्टाइड करा; शरीर इन्सुलिन बनवतं तेव्हा सुटणारा हा तुकडा. लाल पेशींतलं ते एन्झाइम त्याला तोडत नाही. मात्र बायोटिन त्याचाही आकडा बिघडवू शकतं, म्हणून गोळी आधी थांबवायची.

प्रश्न : सासूबाई अनेक वर्षं इन्सुलिन टोचतात. रिपोर्टमध्ये इन्सुलिन प्रचंड आलं.
— एक वाचक, मिरज

उत्तर : टोचलेल्या इन्सुलिनविरुद्ध शरीरात अँटीबॉडी तयार होऊ शकतात. त्या इन्सुलिनला बांधून रक्तात साठवतात. मशीननुसार आकडा फुगतो किंवा घटतो. शिवाय काही मशिनांना इन्सुलिनचे नवे प्रकार दिसतच नाहीत. म्हणून टोचणाऱ्यांचं स्वतःचं इन्सुलिन किती बनतं हे सी-पेप्टाइडवरून बघतात. अँटीबॉडीचा संशय असेल तर लॅब सीरममध्ये तेवढंच २५ टक्के पीईजी ६००० (पॉलिइथिलीन ग्लायकॉल हे रसायन) घालते, अँटीबॉडी खाली बसवते, वरच्या द्रवातलं इन्सुलिन मोजते आणि येणारा आकडा दुप्पट करते. सासूबाईंचा डोस मात्र या रिपोर्टवरून बदलू नका; तो घरच्या साखरेच्या नोंदी बघून डॉक्टर ठरवतील.