फुलं श्रावणात, पैसे कार्तिकात

प्रश्न : मॅडम, मी सातारा जिल्ह्यातली. सह्याद्रीतल्या कंदीलपुष्पांवर, म्हणजे कंदिलासारखी फुलं येणाऱ्या दुर्मीळ कंदवर्गीय वनस्पतींवर (सेरोपेजिया), पीएच.डी.साठी नोंदणी केली आहे. नेट ही पात्रता परीक्षा झाले, पण तिच्यातूनच मिळणारी जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप थोडक्यात हुकली. आतापर्यंत गडांवरच्या फेऱ्यांचा खर्च बाबांनी केला, आता त्यांच्याकडे मागवत नाही. दुर्मीळ वनस्पतींच्या संशोधनाला पैसे कोण देतं?

उत्तर : अगं, आधी दोन खिसे वेगळे कर. एक पोटाचा, एक रानाचा.

पोटाच्या खिशासाठी जेआरएफची परीक्षा पुन्हा दे. 2023 पासून महिन्याला 37,000 रुपये मिळतात, कंटाळा करू नकोस. शिवाय सारथी, बार्टी, महाज्योती या वेगवेगळ्या समाजघटकांना फेलोशिप देणाऱ्या राज्य सरकारच्या संस्थांपैकी जी संस्था तुझ्या प्रवर्गासाठी असेल तिच्या जाहिरातीवर डोळा ठेव. जागा मोजक्या असतात आणि जाहिरात कधी निघेल याचा नेम नसतो, म्हणून कागदपत्रं आजच एका फायलीत लावून ठेव.

पण फेलोशिप मिळाली म्हणून रान परवडतं असं नाही. यूजीसीच्या जेआरएफला विज्ञान शाखेत किरकोळ खर्चासाठी पहिली दोन वर्षं वर्षाला 12,000 मिळतात. पावसाळ्यात चार गड, प्रत्येकाच्या तीन फेऱ्या, एसटी, मुक्काम, वाटाड्या असा हिशेब मांडून बघ. भाद्रपद उजाडायच्या आत खडखडाट!

रानाच्या खिशासाठी दोन दारं सांगते. ब्रिटनमधलं रफर्ड फाउंडेशन आपल्यासारख्या देशांतल्या छोट्या संवर्धन प्रकल्पांना पैसे देतं. मोहम्मद बिन झायेद प्रजाती संवर्धन निधी एकेका प्रजातीसाठी 25,000 डॉलरपर्यंत देतो. दोघांनाही तुझ्या पदवीशी देणंघेणं नाही. ‘परागीभवनाचा अभ्यास करणार’ एवढं लिहिलंस तर अर्ज बाजूला पडेल. ‘बियांपासून रोपं करणार, मूळ जागी लावणार, पुढच्या पावसाळ्यात किती जगली ते मोजणार’ असं लिही. मात्र परदेशी पैसा एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्याखाली येतो. तो स्वतःच्या खात्यात मागवण्याआधी विद्यापीठाच्या लेखा विभागाला विचार.

आता माझी फजिती ऐक. माझं पहिलं अनुदान मंजूर झालं उन्हाळ्यात, पण हप्ता पोहोचला कार्तिकात. कार्यालयाचं नाव घेत नाही. कंदीलपुष्पाची फुलं येतात श्रावण-भाद्रपदात. मी गडावर पोहोचले तेव्हा वेल वाळून गेले होते, जोडशेंगा उकलून म्हाताऱ्या उडून गेल्या होत्या. जमिनीखाली कंद होते म्हणे, पण कुठे? वर खूणच नाही. आणि 31 मार्चच्या आत सगळा खर्च दाखवा म्हणून पत्रावर पत्रं! कंदीलपुष्पाच्या फुलात अडकलेली माशी आतले केस सुकले की सुटते तरी, मी पैसे कसे खर्च झाले ते सांगणाऱ्या त्या उपयोगिता प्रमाणपत्रात दोन वर्षं अडकले होते.

म्हणून प्रकल्पात दोन पावसाळे धर, एक हातचा जाईलच. वनखात्याच्या परवानगीचा अर्ज पैशाच्या अर्जाबरोबर त्याच आठवड्यात टाक. पैसे आले आणि परवानगी नाही, हेही मी भोगलंय.

आणि एक रकाना विसरू नकोस : गुराख्याची मजुरी. मला वेल दाखवला तो एका म्हाताऱ्या धनगरबाबांनी. लहानपणी ते हेच कंद उकरून खायचे, त्यामुळे कुठल्या कातळाच्या कडेला काय उगवतं ते पाठ. आपण त्यांचं नाव प्रबंधाच्या आभारात घालतो आणि हातावर चहा टेकवतो. तसं करू नकोस. दिवसाची मजुरी लिही, पावती घे.

एखाद दिवस कोल्हापूरला जाऊन ये. शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात कंदीलपुष्पांच्या कितीतरी जाती वाढवल्या आहेत. कुंडीतलं रोप वर्षभर कसं वागतं ते तिथल्या माळीकाकांना विचार, अर्जातला लागवडीचा भाग आपोआप नेमका होईल.

मसुदा झाला की मला पाठव. फोटो जोडलेस तर गडाचं नाव लिहू नकोस. फोटोवरून जागा शोधत येणारे सगळेच काही अभ्यासक नसतात, मागे खड्डे तेवढे उरतात.