पर्वरीत राहणे पणजीपेक्षा स्वस्त पडते का?

फारसे नाही. मांडवीचा पूल ओलांडला की पणजी, शिवाय विधानसभा आणि सचिवालय पर्वरीतच. त्यामुळे नोकरदारांबरोबरच सुट्टीपुरते घर घेणाऱ्यांचीही मागणी वाढली आहे आणि घरभाडे हाच सर्वांत मोठा खर्च ठरतो. पर्यटकांना दिवसाच्या दराने घर देणे मालकाला अधिक परवडते, त्याची झळ साध्या भाडेकरूला बसते, हे मला मनापासून खटकते. भाजी मुख्यतः बेळगावहून येते, तरी फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यांवर ती सवलतीत मिळते. मासळी मात्र १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारीबंदीत कडाडते, म्हणून खारे बांगडे आणि सुके सुंगट (सुकी कोळंबी) म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून मे महिन्यातच भरून ठेवावेत.