नाकाकडचा कोपरा, कानाकडचा कोपरा

निपाणीच्या एका ताईंनी विचारलंय: डोळ्याच्या दोन कोपऱ्यांना मराठीत वेगळे शब्द आहेत का? 'अपांग' त्यातला कुठला? आणि घरात म्हणतात ती 'डोळ्याची कड' म्हणजे तेच का?

अपांग म्हणजे बाहेरचा, कानशिलाकडचा कोपरा. लिहिताना त्याचं 'अपंग' होऊ देऊ नका. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात डोळ्याचे सहा संधी, म्हणजे सांधे, सांगितलेत. शेवटचे दोन कनीनक आणि अपांग. कनीनक हा नाकालगतचा. पण 'कनीनिका' म्हणजे डोळ्यातली बाहुली असाही अर्थ आहे, त्यामुळं रोजच्या बोलण्यात मी तो शब्द आणणार नाही. आमच्या बेळगावकडं सरळ 'नाकाकडचा' आणि 'कानाकडचा' म्हटलं की काम होतं.

नुसत्या 'कोपरा'नं मात्र भागत नाही. आजीला काचबिंदूचे थेंब सुरू झाले तेव्हा "थेंब घातल्यावर कोपरा दाबून धरा" एवढंच सांगितलं गेलं. आजी रोज कानाकडचा दाबून बसायची आणि म्हणायची, "घशात कडू लागालंय की गं!" लागणारच. नाकाकडच्या कोपऱ्याजवळ दोन्ही पापण्यांच्या काठावर एकेक बारीक छिद्र असतं. आरशासमोर खालची पापणी हलकेच ओढून बघा, टाचणी टोचल्यासारखं दिसेल. तिथून पाणी अश्रूंच्या पिशवीत उतरतं, पुढं नळीनं नाकात. रडताना नाक वाहतं ते यामुळंच. अश्रूंची ग्रंथी मात्र कानाकडच्या अंगाला, वरच्या पापणीआड असते. म्हणजे पाण्याची वाट कानाकडून नाकाकडं.

नाकाकडं जो गुलाबी मांसाचा कण दिसतो, त्याला लागूनची घडी हा तिसऱ्या पापणीचा अवशेष. कोंबडीची ती पापणी आजही डोळ्यावर सरकताना दिसते. कानाकडं यातलं काहीच नाही, दोन पापण्या येऊन मिळतात इतकंच.

कन्नडात या बाहेरच्या कोपऱ्याला 'कडेगण्णु' हा सुंदर शब्द आहे. कडे म्हणजे टोक, बाजू आणि कण्णु म्हणजे डोळा. जोडताना 'क'चा 'ग' झाला, जसा हळे आणि कन्नड मिळून 'हळेगन्नड'. तिरप्या नजरेलाही तोच शब्द. आपला 'कटाक्ष' मुळात तीच नजर, पण मराठीत तो किती लांब गेला! "कटाक्षानं पथ्य पाळतो" म्हणताना डोळा कुणाच्या मनातही येत नाही.

आता तुमची 'कड'. "डोळ्यांच्या कडा ओलावल्या" म्हणतो तेव्हा आपण पापणीचा सगळा काठ धरतो. कोपरा म्हणजे दोन कडा जिथं मिळतात ती जागा. म्हणून थेंब घालताना कोपराच म्हणा, आणि पुढं 'नाकाकडचा' जोडा.