मानसशास्त्राची तोंडओळख: वस्तुनिष्ठ प्रश्नांत गुण कुठे जातात?

प्रश्न: ऋण प्रबलन आणि शिक्षा यांत माझा दरवेळी घोळ होतो. ओळखायचे कसे?

घोळ ‘ऋण’ या शब्दामुळे होतो. ऋण म्हणजे वाईट नव्हे, वजाबाकी. आधी पाहा, वर्तन वाढले की घटले? वाढले तर प्रबलन, घटले तर शिक्षा. मग पाहा, वर्तनानंतर काही आले की काही गेले? आले तर धन, गेले तर ऋण. गाडीत पट्टा लावताच टिंग-टिंग थांबते, म्हणून पुढच्या वेळी आपण पट्टा लगेच लावतो. हे ऋण प्रबलन. उशिरा घरी आल्यावर मोबाइल काढून घेतला आणि उशिरा येणे कमी झाले, ही ऋण शिक्षा.

खरा सापळा मात्र असा असतो: मूल दुकानात रडते, आई चॉकलेट देते, रडणे थांबते. हे कोणते प्रबलन? कोणाच्या वर्तनाबद्दल विचारले आहे, ते न पाहता उत्तर देऊच नका. मुलाच्या रडण्याला चॉकलेट मिळाले, म्हणून धन प्रबलन. आईच्या चॉकलेट देण्याने कटकट गेली, म्हणून तिच्या वर्तनाला ऋण प्रबलन. पुढच्या खेपेला दोघेही तेच करणार!

प्रश्न: ‘लिटल अल्बर्ट’च्या प्रयोगात पांढरा उंदीर कोणता उद्दीपक?

कधीचा, त्यावर अवलंबून. वॉटसन आणि रेनर या मानसशास्त्रज्ञांनी १९२० च्या या प्रयोगात अल्बर्ट नावाच्या बाळाला उंदराची भीती बाळगायला शिकवले. उद्दीपक म्हणजे जिला आपण प्रतिसाद देतो ती गोष्ट. उंदीर सुरुवातीला तटस्थ उद्दीपक होता, त्याची भीती वाटत नव्हती. पोलादी दांड्यावर हातोडी मारून काढलेल्या मोठ्या आवाजाशी त्याची जोडी लावल्यावर तो अभिसंधित, म्हणजे शिकण्यातून परिणाम करणारा, उद्दीपक झाला. आवाज हा पहिल्यापासूनच अनभिसंधित, म्हणजे न शिकवताच परिणाम करणारा. भीतीचेही तसेच: आवाजाची भीती अनभिसंधित प्रतिसाद, उंदराची अभिसंधित. पुढे बाळ सशालाही घाबरू लागले, ते सामान्यीकरण: शिकलेला प्रतिसाद मिळत्याजुळत्या गोष्टींनाही देणे.

प्रश्न: सहसंबंध गुणांक –०.८० आणि +०.६० यांपैकी अधिक बळकट कोणता?

–०.८०. सहसंबंध गुणांक दोन गोष्टी किती सोबत बदलतात ते सांगतो. त्याचे चिन्ह फक्त दिशा सांगते, बळ आकड्यात असते. मात्र गुणांक कितीही मोठा असला, तरी ‘अमुकमुळे तमुक होते’ हा पर्याय त्यावरून निवडता येत नाही. त्यासाठी प्रयोग लागतो आणि त्यात सहभागींची गटांत यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखी, विभागणी.

प्रश्न: धडा तीनतीनदा वाचते, तरी सराव परीक्षेत आठवत नाही. काय चुकते?

वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो आणि तोच ‘येतो’ असा भास होतो. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना उतारे देऊन हेच तपासले. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते: ८१ टक्के, तर मधे एकदा आठवून लिहिणारे ७५. आठवड्याने मात्र लिहिणाऱ्यांना ५६ टक्के आठवले, वाचणाऱ्यांना ४२. म्हणजे वाचून लगेच पेपर असेल तर वाचन चालून जाते. वार्षिक परीक्षेला नाही.

तेव्हा एक भाग वाचा, पुस्तक मिटा, कोऱ्या कागदावर दहा मिनिटे आठवेल ते लिहा आणि मगच पुस्तकाशी ताडून सुटलेले लाल शाईने भरा. दोन दिवसांनी पुन्हा कोरा कागद, आठवड्याने पुन्हा. अडले की अर्ध्या मिनिटात पुस्तक उघडण्याचा मोह होतो, आणि पद्धत तिथेच फसते. बहुपर्यायी प्रश्न सोडवतानाही पर्याय हाताने झाका, उत्तर आधी मनात तयार करा, मग हात काढा.